काशीनाथरावांची कप-बशी

उत्तमला एकच कामधंदा उरला होता, उशिरा उठायचा. खाली ऑफिसबाहेर चपलांचा ढीग साचायचा आणि हा वर पंख्याखाली पालथा. "बाप दाढीचा साबण वाळायच्या आत खाली बसलेला असायचा," दुर्गाबाई भांडी आपटत म्हणायच्या. "ह्याला आता खुर्चीपण अंथरुणात आणून द्या!"

केबिन रोडच्या मागच्या गल्लीत त्याच्या बापाचं, नगरसेवक काशीनाथरावांचं ऑफिस, वर बिऱ्हाड. नळजोडणी असो की शाळेतला प्रवेश, भाईंदरच्या ह्या टोकाचं पान त्यांच्याशिवाय हलत नसे. दिवाळीत ते गेले. पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. तिकीट उत्तमला मिळालं नाही, तर उद्या ह्या दारात कुत्रंही फिरकणार नाही, एवढं कळायला दुर्गाबाईंना शाळा लागत नव्हती.

काशीनाथरावांची एक रीत होती. दारी आलेल्याला ते कधी 'नाही' म्हणत नसत. ज्याचं काम करायचं त्याला नुसतं "बघतो" म्हणायचे आणि जिन्यातून हाक मारायचे, "दुर्गा, गलासातला चहा." ज्याचं करायचं नाही त्याला कप-बशी. वर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड हसायचे, "नक्की होईल हो तुमचं काम." मान मिळाला म्हणून माणूस खूश होऊन जाई. बशी पाहून जुने कार्यकर्ते काय ते समजून घेत. ही खूण त्यांना, दुर्गाबाईंना आणि चहा खाली नेणाऱ्या धाकूलाच ठाऊक. उत्तमला नाही. सकाळचा खाली बसला असता तर कळली असती.

ते गेल्यावर हाक मारणारं कोणी राहिलं नाही. दुर्गाबाई सरसकट ग्लासच भरायच्या.

शिमगा झाल्यावर शेजारच्या हंसाबेन नळजोडणीचं विचारायला आल्या. जाताना जिन्याशी थांबून म्हणाल्या, "दुर्गाबेन, आज तो कप-बशी! इतना मान दिया."

दुर्गाबाईंनी धाकूला वर बोलावलं. "बशी कोणी दिली रे?"

"वयनी, मी गलासच ठेवला व्हता. आईची आन."

"मग बशीला पाय फुटले?"

धाकू जिन्याच्या वळणाकडे बघत होता.

हंसाबेनची मंजूर झालेली नळजोडणी अडली, ती अडलीच.

दुर्गाबाईंनी कप-बश्या कपाटात घातल्या, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. तरी चार दिवसांनी पोराच्या शाळेसाठी आलेला एक बाप कप-बशीतला चहा पिऊन, हात जोडून गेला. त्यांनी कपाट उघडलं. सगळे कप जागच्या जागी होते, धूळ धरलेले. निळ्या रेघेचा, कानाजवळ टवका उडालेला एकच कप ओला होता.

"मेल्यावर तरी दम खावा माणसानं," त्या पुटपुटल्या आणि कपाट लावून घेतलं. कोणाशी भांडायचं आता? आयुष्य जिन्यावर खालवर करण्यातच गेलं होतं.

मग तिकिटाचं ठरवायला पक्षाचे शशिकांतराव येणार असल्याचा निरोप आला. काशीनाथरावांच्या हाताखाली वाढलेला माणूस.

त्या दिवशी उत्तम लवकर उठला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेला आणि पहिल्यांदाच बापाच्या खुर्चीत बसला.

"धाकू, आज ट्रे मी नेते," दुर्गाबाई म्हणाल्या.

स्टीलचे दोन ग्लास स्वतः भरले. एकेक पायरी उतरताना नजर ग्लासांवरून हलवली नाही. वाफ तोंडावर येत होती. वळणावर ट्रे जरा जड झाला.

टेबलाशी आल्या. शशिकांतरावांपुढे ग्लास ठेवला.

उत्तमपुढे कप-बशी.

निळी रेघ. कानाजवळ टवका. ठेवणारा हात त्यांचाच होता.

शशिकांतरावांनी बशीकडे पाहिलं. मग दुर्गाबाईंकडे. ग्लास न उचलताच ते उठले.

"येतो, वहिनी."

"अहो काका, बसा ना! तिकिटाचं काय?" उत्तम म्हणाला.

"कळवू," म्हणत ते चपला शोधू लागले.

उत्तमनं बशीत चहा ओतून फुर्रकन एक घोट घेतला आणि हसला. "आई, घरच्या माणसाला कप-बशी? एवढा मान? पण माझं होईल ना गं?"

दुर्गाबाईंना ओरडायचं होतं, बशी भिरकावायची होती. पण हात उचलला गेला आणि पोराच्या खांद्यावर पडला. ओठ आपोआप हसले.

"नक्की होईल हो तुमचं काम."