मागच्या खोलीचं माप

टेपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कमरेला टेप अडकवल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून फर्निचरच्या कारखान्यातल्या सुतारांनी ते पाडलं, आणि मग बायकोनेही उचललं. लोकांच्या घरी जायचं, भिंती मोजायच्या, कपाटं-पलंग कसे बसतील त्याचा नकाशा काढून कारखान्यात द्यायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. भिंत कुठलीच सरळ नसते. म्हणून प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्यायचं, खाली, मध्ये आणि वर, आणि त्यातलं सगळ्यात कमी असेल तेच कागदावर लिहायचं. "एवढ्याशा खोलीत कसं मावणार हो?" असं कुणी कुरकुरलं, की टेपरावांचं उत्तर ठरलेलं. "जागा नाही असं कधी नसतं. काढावी लागते."

बुधवारी दुपारी लेकीचा फोन आला. तिचं नवऱ्याशी पटत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"शनिवारी येते, बाबा. सगळं सामान घेऊन. मागची खोली द्याल ना मला?"

"द्याल ना काय? घर तुझंच आहे," टेपराव म्हणाले, आणि फोन ठेवून थेट मागच्या खोलीत गेले. दहा बाय सहाची खोली, डाव्या भिंतीला कपाट. पलीकडच्या भिंतीला टेकवून साडेसहा फुटी कॉट लांबीत लावायची, म्हणजे दार उघडायला साडेतीन फूट उरतात. हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण सवय ती सवय. टेपची आकडी दाराच्या चौकटीला लावली आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली.

सात फूट.

"च्यायला, आकडी निसटली," असं पुटपुटत त्यांनी पुन्हा मोजलं. खाली सात, मध्ये सात, वर सात. तीस वर्षांत तिन्ही मापं एकसारखी आलेली भिंत त्यांनी पाहिली नव्हती. दुसरा टेप आणला. सात. बाहेरच्या गॅलरीतून खोलीची तीच लांबी मोजली तर दहा भरले. आत येऊन त्यांनी पलीकडच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं. पोकळ भिंतीचा आवाज वेगळा, भरीव भिंतीचा वेगळा, हे त्यांना कळायचं. या भिंतीचा आवाजच आला नाही. हात लावला तर ती गार नव्हती आणि गरमही नव्हती.

टेपराव तिथेच स्टुलावर बसले. सात हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनीच तो लिहिला होता.

दीड वर्षापूर्वी त्यांचे थोरले भाऊ, दादा, याच घरात जेवायला आले होते. दादा कॉलेजात जैन तत्त्वज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं. आता त्यांचं भाड्याचं घर सुटत होतं. "माझं काय रे, एक कॉट आणि दोन पेट्या पुस्तकं. मागच्या खोलीत पडून राहीन," ते म्हणाले होते.

नाही म्हणायला टेपरावांची जीभ रेटेना आणि हो म्हणवेना. दादा घरात आले की आपण पुन्हा धाकटे, पुन्हा सगळं विचारून करायचं. शिवाय त्या खोलीत त्यांना स्वतःचं ड्रॉइंगचं टेबल टाकायचं होतं. म्हणून त्यांनी खोलीचा नकाशा काढला, अगदी व्यवस्थित, स्केलमध्ये. फक्त दहाच्या जागी सात लिहिलं. "हे बघ दादा, कॉट ठेवली की दारच उघडत नाही." दादांनी रेघांवरून बोट फिरवलं, हात धुवायला म्हणून आत गेले, येऊन हसले. "बरं. मापात तू कधी चुकत नाहीस," म्हणाले, आणि नकाशा घडी करून खिशात ठेवला. पुढे ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात गेले. आठ खाटांचा हॉल. पाच महिन्यांत तिथेच वारले.

बायकोला आणि लेकीला टेपरावांनी सांगितलं होतं, की दादालाच आपल्याकडे राहायचं नाही. लेक मोठ्या काकांवर जीव टाकायची. ती एवढी रुसली, की पाच महिन्यांत एकदाही त्यांना भेटायला गेली नाही. ते गेल्यावर मात्र ढसाढसा रडली. टेपराव तेव्हाही गप्प बसले होते. टेबल त्यांनी त्या खोलीत आजतागायत टाकलं नव्हतं. आश्रमातून आलेल्या दादांच्या दोन पेट्या तेवढ्या पलीकडच्या भिंतीशी पडून होत्या; आज त्याही दिसत नव्हत्या.

गुरुवारी त्यांनी बायकोला हाक मारली. "जरा हे टोक धर गं, भिंतीला लाव."

"आज मला कामाला जुंपलं वाटतं, टेपराव?" ती हसत पलीकडे गेली. टेपरावांच्या हातातल्या टेपवर, अंगठ्याखाली, सात.

"तू वाच बघू."

तिने येऊन चष्मा सावरला. "दहा. का हो?"

"काही नाही."

"छान हवेशीर खोली आहे," ती टेप त्यांच्या हातात देत म्हणाली. "दादांना का नको झाली, कुणास ठाऊक. मी तर पडदेसुद्धा धुऊन ठेवले होते."

सांगून टाकावं, असं टेपरावांच्या अगदी ओठांवर आलं. "त्याचा स्वभावच तसा तुसडा," ते म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. पाच फूट चार इंच.

त्या दुपारी त्यांनी काहीही काम केलं नाही. दारात उभे राहून भिंतीकडे बघत राहिले. लेक लहान असताना दादा तिला सांगायचे ते आठवत होतं. "आकाश म्हणजे वरचं निळं नव्हे गं. आकाश म्हणजे जागा. तिचा गुण एकच, जागा देणं. खोलीत एक दिवा लाव, उजेड खोलीभर. शंभर लाव, शंभरांचा उजेड त्याच खोलीत मावतो. कुणी कुणाला ढकलत नाही."

"मग ते संपतं कुठे?" ती विचारायची.

"ते संपत नाही. आपलं विश्व संपतं. पलीकडे उरतं ते नुसतं आकाश, त्याला अलोक म्हणतात. मासा पाण्याच्या आधाराने हलतो ना, तसं इथे हलायला आधार देणारं एक द्रव्य आहे आणि थांबायला आधार देणारं दुसरं. अलोकात दोन्ही नाहीत. त्यामुळे तिथे कुणी जाऊ शकत नाही आणि राहूही शकत नाही."

"म्हणजे तिथे जागाच जागा, पण द्यायला कुणी नाही?"

"घ्यायला कुणी नाही," दादा म्हणायचे, आणि दोघं खळखळून हसायची. टेपराव तेव्हा शेजारच्या खोलीत नकाशे काढत असायचे. हे सगळं वेळ जात नाही म्हणून चाललंय, असं त्यांना वाटायचं.

शनिवारी सकाळी दहाला लेक आली. चेहरा उतरलेला, पण घरात पाऊल टाकताच जरा हलकी झाली. कॉट आधीच हॉलमधून आणून खोलीच्या दाराबाहेर एका बाजूला ठेवली होती.

"आधी पेट्या बाजूला घेते," म्हणत ती आत गेली. टेपराव उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना ती दोन पावलं चाललेली दिसली. मग भिंत होती आणि ती नव्हती.

"केवढी जागा आहे हो इथे, बाबा!" भिंतीतून तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "काका इथे सहज राहिले असते."

टेपराव तिथूनच म्हणाले, "त्यालाच नको होतं, बाळ."

भिंत हातभर पुढे आली. आवाज न करता.

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वह्यांची सळसळ.

"बाबा, हा आपल्या खोलीचा नकाशा आहे. तुमच्या अक्षरात. इथे सात का लिहिलंय?"

बायको हात पुसत आली आणि टेपरावांच्या अंगाला घासून आत गेली. तीही दिसेनाशी झाली.

"घाईत चुकलं असेल," टेपराव म्हणाले.

भिंत आता त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होती.

"कागदाच्या मागे काकांनी काहीतरी लिहिलंय," लेक म्हणाली, आणि वाचू लागली. दोनदा तिचा आवाज फुटला.

"हात धुवायला गेलो तेव्हा खोली पावलांनी मोजली. दहा भरली. धाकट्याला सांगितलं नाही, त्याला लाज वाटली असती. त्याच्याकडे जागा नाही, एवढं मात्र खरंच आहे. पोरगी रुसली आहे म्हणे. आली, की समजावीन."



टेपरावांना सगळं एकदम सांगायचं होतं. मी खोटं बोललो, दादाला मी हाकललं, तुला मी त्याच्यापासून तोडलं. त्यांनी तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथून हलले नाहीत. पाय उचलायला गेले, तो उचलला गेला नाही. टेकवायला गेले, तर टेकलाही नाही. हलायला आधार नव्हता आणि थांबायलाही नव्हता.

बायको आणि लेक भिंतीतून बाहेर आल्या. दोघींचे डोळे लाल झाले होते.

"बाबा कुठे गेले?"

"आत्ता तर दारात होते."

लेक सरळ टेपरावांकडे बघत होती. तिची नजर त्यांच्या पलीकडे, हॉलच्या खिडकीवर होती.

"आई, मला नाही झोपायचं त्या खोलीत."

"नको. इथे दाराबाहेरच लावू कॉट."

"मावेल?"

"मावेल की."

दोघींनी कॉट दोन्ही टोकांनी उचलली, थोडी तिरकी केली, आणि टेपराव उभे होते तिथे सरकवत आणली. त्यांना काहीच लागलं नाही. कॉटचे चारही पाय जमिनीवर नीट टेकले.

बायकोने धुतलेली चादर झटकली, पसरली, आणि उशीच्या जागी दोनदा हाताने थोपटलं.