कार्ड बिझी

हौशीरामाचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्पेश येडगावला हौशीरामाच्या उसाशी हजर झाला. कडेच्या मोटारघरात त्यानंच बसवलेला डबा होता. लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला यूएसबीचं साउंड कार्ड आणि वर भोंगा. माणसाचा आवाज असला की बिबट्या जवळ फिरकत नाही म्हणतात, म्हणून हौशीरामाचीच आरोळी भरून ती सतत वाजती ठेवली होती. तरी बिबट्यानं त्याला उजाडताना नरड्याला धरून उसात ओढलं.

"त्या टायमाला डबा वाजत नव्हता, कल्पेशभाऊ," हौशीरामाची बायको ठकूबाई म्हणाली. "का, तेवढं सांगा. मला दुसरं काय बी नको."

कल्पेशलाही तेच हवं होतं. त्याला अन्न गोड लागत नव्हतं. एखादा प्रोग्रॅम कार्डाशी थेट बोलू लागला की तो कार्ड अडवून बसतो. म्हणून सगळ्यांचे आवाज गोळा करून कार्डाला देणारा एक मधला प्रोग्रॅम ठेवतात. 'मध्ये दलाल कशाला?' म्हणत या शहाण्यानं तोच काढून टाकला होता. बेल्ह्याच्या इंदरचंद दलालाचा पोरगा, आणि त्यालाच दलालाची किंमत कळली नाही!

ठकूबाई चहा टाकायला घराकडे गेली. त्यानं लॅपटॉप जोडून डब्याच्या नोंदी उघडल्या. हौशीराम गेला त्या सकाळी, सहा वाजून दहा मिनिटं: कार्ड बिझी. आरोळीचा प्रोग्रॅम ताटकळत होता, कार्ड दुसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात होतं. त्या दुसऱ्याला नुसता नंबर होता, नाव नव्हतं. चालू प्रोग्रॅमांच्या यादीत तो नंबरही सापडेना. त्यानं एक फाइल मात्र केली होती, कार्डाच्या माइकवरून रेकॉर्डिंगची.

कल्पेशनं लॅपटॉपला हेडफोन लावला.

विळ्याची खसखस. हौशीरामाचं खाकरणं. मग ऊस कडाकडा मोडला, "ठकेऽऽ" अशी हाक अर्ध्यात तुटली, आणि रक्तानं भरलेलं नरडं गुळगुळत राहिलं. हाड मोडल्याचंही स्पष्ट ऐकू आलं. आपणच मारलं या माणसाला, असं वाटून कल्पेशला रडू फुटलं.

फाइल अजून वाढत होती.

त्यानं कार्ड उपटलं. हिरवा दिवा विझला. आकडे वाढतच राहिले.

हेडफोनात चपला वाजल्या. ठकूबाईचा आवाज आला, "कल्पेशभाऊ, चहा घ्या." मग कप फुटला. पुन्हा ऊस कडाडला, आणि एक बाई ओरडली. अर्धंच.

त्यानं हेडफोन भिरकावला.

"कल्पेशभाऊ, चहा घ्या."

ठकूबाई दारात उभी होती. त्यानं झडप घालून तिच्या हातातला कप घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. काही फुटलं नाही. बाहेर पानही हलत नव्हतं.

"मावशी, आत या. आधी आत या!"

ती गोंधळून उंबऱ्याबाहेरच थांबली. रोजच्या सवयीनं तिनं दोन कप आणले होते. हौशीरामाचा अजून तिच्या हातात होता.