सोळा कोर

दोन वर्षं खपून हिमानीने लिहिलेलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, शंतनूने जसंच्या तसं उचललं आणि स्वतःच्या नावाने जाहीर केलं. कॉलेजपासूनचा मित्र. तिने फोनवर जाब विचारला तर म्हणाला, "चिल यार, कोडच तर आहे."

तेव्हापासून तिचं डोकं भणभणत होतं. रविवारी दुपारी दोघांची इंजिनं ऑनलाइन भिडणार होती. परदेशातल्या दोन शहरांतून, तो ट्रॉयहून, ती नेपरव्हिलहून. सगळ्यांसमोर त्याला चिरडायचं, एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी सकाळी ती बेसमेंटमध्ये जाऊन बसली. बाहेर गुडघाभर बर्फ. वर किचनमध्ये नागपूरहून आलेली आई, सुहासिनीबाई, मेथी निवडता निवडता जिन्यातून खाली बोलत होती. हिमानीने इंजिनची मेमरी वाढवली, पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली काढून टाकल्या आणि जुन्या इंजिनाशी शंभर झटपट डाव लावले. गुण अठ्ठावन्न. तिने टेबलावर मूठ आपटली. मग प्रोसेसरच्या आठ कोरऐवजी, म्हणजे आठ मेंदूंऐवजी, सोळाच्या सोळा त्याला देऊन टाकले आणि डाव पुन्हा लावले.

"अगं, त्या कुंदाची सून," वरून आई म्हणाली आणि थांबली.

चाळीस मिनिटांनी शंभर डाव संपले. गुण एक्क्याण्णव. हिमानीने इंजिन थांबवलं.

"माहेरीच राहते म्हणे आता," आई म्हणाली.

हिमानी धावत वर गेली. आईच्या बोटांत मेथीची एकच काडी होती. समोरच्या चहावर साय धरलेली.

"आई, तू गप्प का झालीस?"

"मी? कधी?" आई हसली. "बोलतेच तर आहे."

आईचं ब्लडप्रेशर ठीक निघालं. हिमानीने वेळा लिहून पुन्हा दोनदा करून पाहिलं. आठ कोरवर आई बोलत राहायची. सोळावर वाक्य अर्धंच तुटायचं आणि इंजिन थांबलं की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. उद्या आठच, तिने ठरवलं.

रविवारी बाविसाव्या चालीला तिचा डाव खचत चालला होता. स्क्रीनवर शंतनूचा मेसेज आला: "तुझं इंजिन दमलं वाटतं गं!"

तिच्या कानशिलांत रक्त उसळलं.

"एकदाच," ती पुटपुटली आणि तिने इंजिनाला सोळा कोर दिले.

"हिमे, कढीत कढीपत्ता," वर आई म्हणत होती.

मग शांतता.

सत्तेचाळिसाव्या चालीला शंतनूने हार मानली. तिने इंजिन बंद केलं आणि ती दोन दोन पायऱ्या चढत वर आली.

"घालू ना?" आई म्हणाली.

हिमानी मटकन खुर्चीत बसली. फोन वाजला. शंतनू. चार शिव्या तोंडाशीच होत्या.

"हिमानी, बाबा बोलता बोलता थांबलेत." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी इंजिन बंद केलं. प्लगही काढला. तरी तसेच बसलेत."

"म्हणजे तुला माहीत होतं?" ती ओरडली. "प्रल्हादकाकांना असं होतं, हे माहीत असून तू..."

"दर वेळी परत बोलायचे गं!" तो रडत होता. "या वेळी, 'शंतनू, पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा,' एवढंच म्हणाले..."

फोन हिमानीच्या कानाला घट्ट लावलेला होता; पलीकडचं आईला ऐकू जाणं शक्य नव्हतं. समोर आई पातेल्यात डाव फिरवत होती.

"गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर ठेवलाय," मान वर न करता आई म्हणाली.