ह्यांचा नंबर मी पोर्ट केला

खोटं वाटत असंल तर इथंच थांबा. मला कुणाची कीव नको. पण हे माझ्याच घरात घडलंय. भूमजवळच्या आमच्या गावात, गेल्या पौषात... ऐन दिवेलागणीला.

मी करिश्मा. आमचे मालक, सोमेश, खव्याचा टेम्पो चालवायचे. दिवाळीनंतर अपघातात गेले.

रोज घरी येताना फाट्यावरून मिस्ड कॉल द्यायचे. एकच रिंग. म्हणजे तवा ठेव, गरम भाकरी पाहिजे.

त्यांच्या नंबरावर उद्या दुसराच कुणी ‘हॅलो’ म्हणाला असता, तर मला सोसलं नसतं. म्हणून नंबर चालू ठेवायचा ठरवलं. पण जुन्या कंपनीची गावात रेंजच न्हाय. सिम माझ्या नावावर होतं, पोर्ट करायला टाकलं.

दुकानदार बसवेश म्हणाला, “काळजी करू नका वहिनी. कंपनी बदलंल, नंबर तोच राहील.”

नवं सिम चालू झालं. ह्यांच्या फोनमधी घालून फोन फोटोपाशी ठेवला.

त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला.

एकच रिंग...

नंबर ह्यांचा.

मी फोटोपाशी पळाले. ह्यांच्या फोनची स्क्रीन काळी. हात लावला... गार.

घाबरले? व्हय, लई घाबरले. पण खरं सांगू? आनंदही झाला. भाकरी केली आणि फोटोपुढं वाढली.

मग रोजच रिंग यायला लागली. माझ्या सासूबाई, धुरपदाबाई, नुसत्या बघत बसायच्या.

एका संध्याकाळी रिंग थांबलीच न्हाय.

दोन... तीन...

मी उचलला.

टेम्पोचं इंजिन. वारा. ह्यांचा खोकला...

“अहो...” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“अर्पिता,” ते म्हणाले, “तवा ठेव. आलोच.”

फोन कट.

अर्पिता?

बारा वर्षं ह्या माणसाची वाट बघितली मी. मेल्यावरही मीच येडी भाकरी थापत बसले!

सासूबाई दारात उभ्या होत्या.

“आत्याबाई, अर्पिता कोण हो?”

‘कोण अर्पिता?’ असं त्यांनी विचारलंच न्हाय. पदर तोंडाला लावला.

“तुला... कुणी सांगितलं गं?”

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून.

“तुमच्या लेकानं,” मी म्हणाले. “आत्ताच.”



नंबर अजून चालू आहे. माहेरचे म्हणतात, बंद करून टाक. संतापानं मलाही वाटतं, टाकावा.

पण बंद केला... आन ते सरळ तिच्याच दारात गेले तर?