खांबाआडची खुर्ची

आत्याबरोबर मी पहिल्यांदाच प्रवासाला निघाले होते. एका संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या गावातला पारंपरिक नाच पाहायला गेलो. नाच आणि जेवण एकत्रच होतं. आत्याला पुढची खुर्ची मिळाली. माझ्या वाट्याला खांब आला… एवढा जाड, की अख्खा रंगमंच त्यामागे गडप.

माझ्याच टेबलाच्या पलीकडच्या कडेला बसलेला तरुण माझी धडपड बघत होता.

"मान आखडेल तुमची," तो म्हणाला. "काय चाललंय ते मी सांगू का?"

"तुम्हाला उगाच त्रास…"

"चष्म्याच्या दुकानात असतो मी. लोकांना नीट दिसावं, हाच माझा धंदा."

हसू लपवायला मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"लाल कपड्यांतली रुसलीय," तो सांगू लागला. "तो तिच्याभोवती फिरतोय – आता तिनं पाठ फिरवली…"

ढोल वाढला की मला पुढे झुकावं लागे. तोही झुके.

"जेवण गार होतंय तुमचं," मी म्हणाले.

"होऊ दे. ती अजून त्याच्याकडे बघत नाहीये. मला काळजी लागलीय."

"बघेल की. एवढी घाई कसली?"

"उद्या सकाळी माझी गाडी आहे…"

हे काही नाचातलं नव्हतं. मी ताटाकडे बघत राहिले.

तेवढ्यात आत्याची हाक आली. "अगं, इकडे ये, शेजारची खुर्ची रिकामी झालीय. खांबाला काय चिकटून बसलीस?"

तो उगाचच चमचा सरळ करू लागला. उठले असते, तर सगळं तिथेच संपलं असतं.

"राहू दे आत्या," मी म्हणाले. "मला इथूनच नीट दिसतंय."

आत्यानं खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे. "तुझ्या बापाला काय सांगू आता?" ती पुटपुटली. "पोरीला खांब आवडला म्हणून?"

माझे कान तापले. "मग… बघितलं का तिनं?" मी हळूच विचारलं.

"बघितलं," तो म्हणाला. रंगमंचाकडे त्याची नजरही नव्हती.

सकाळी तो गाडीत चढला, पण आत्याकडून आमचा पत्ता घेऊनच.

तो नाच मी अजून पाहिलेला नाही. नातवंडं विचारतात, तेव्हा आमचे हेच तो सांगतात, दर वेळी नवा. कधी लाल कपडे हिरवे होतात, कधी ढोलाची बासरी होते. ती शेवटी वळून बघते, तेवढं मात्र ह्यांनी कधी बदललं नाही.