फ्रेडल, रिव्काची मुलगी

इंग्लंडमधल्या लीड्सच्या मूरटाउन भागात, ज्यूंच्या एका सिनेगॉगच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी अडीचला, दहा-बारा म्हातारी माणसं जमतात आणि मेलेल्यांविषयी मोठ्या आनंदाने बोलतात. कुणाची आजी लिथुआनियातून आलेली, कुणाचे पणजोबा पोलंडमधून. प्रत्येकाच्या आजोबांना बोटीच्या कप्तानाने न्यूयॉर्क आलं असं सांगून इंग्लंडमधल्याच हल बंदराच्या धक्क्यावर उतरवून दिलेलं असतं, आणि हे फक्त आपल्याच घरी घडलं असं प्रत्येकाला वाटतं. दुसऱ्याची गोष्ट संपेपर्यंत आपली पोटात धरून बसायचं म्हणजे नाकी नऊ येतात. पण चहा असतो, दालचिनीचे लाडूसारखे गोल बिस्किटाचे गोळे असतात, हेरिंग मासळीचं सारण लावलेले पावाचे तुकडे असतात, त्यामुळे निभतं.

एस्टेल लिपमन या मंडळात सहा वर्षांपासून येत होती. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं तिने औषधांच्या दुकानात काढली होती, आणि नाव आणि जन्मतारीख दोनदा ताडून पाहिल्याशिवाय तिने कधी कुणाच्या हातात गोळी ठेवली नव्हती. वंशावळीच्या बाबतीतही तिचा तोच खाक्या. मंडळाचा अध्यक्ष बर्नार्ड क्लाइनमन, जन्मभर कोटाच्या कारखान्यात कापड कापलेला गडी, तिला म्हणायचा, "एस्टेल, तू मोझेसकडेसुद्धा जन्मदाखला मागशील." ती म्हणायची, दिला तर बरंच होईल.

आणि नेमका दाखला तिच्या आईचाच नव्हता.

आईचं नाव आल्टा. शहाण्णव वर्षांची, तीन वर्षांपासून वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. तिच्या जन्माची नोंद एस्टेलला कुठेच मिळाली नव्हती. मिळाली होती ती भलतीच: एकोणीसशे अठ्ठावीस साली लीड्सच्या जुन्या लेलँड्स वस्तीत, त्याच आईबापांच्या पोटी, फ्रीडा नावाची मुलगी. आता या फ्रीडाचा मृत्यू कुठे सापडेना. एका बहिणीचा जन्म नाही, दुसरीचं मरण नाही. सहा वर्षं एस्टेल याच पेचात अडकली होती. एखादी मावशी दोन-तीन वर्षांची होऊन गेली असेल, असा तिचा तर्क होता. त्या पोरीला कुठेतरी थडग्याचा दगड असावा, आपण जाऊन रिवाजाप्रमाणे त्यावर एक खडा ठेवावा, एवढंच तिला वाटे. मम्मीला विचारलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

जानेवारीत मंडळात मिस्टर हार्टोग यायला लागले. नीटनेटके, तपकिरी हॅट, आवाज हळू. लीड्सचेच का, असं कुणी विचारलं तर म्हणाले, सगळीकडे थोडा थोडा राहिलोय. मंडळात ज्याचा त्याचा प्रांत ठरलेला असतो. कुणी बोटींच्या याद्या बघतो, कुणी जनगणनेचे कागद. हार्टोगना मृत्यूच्या तारखा येत. कुणाचे पणजोबा कधी गेले ते विचारायची खोटी, की हे डोळे किंचित मिटून सांगायचे, आणि नंतर दाखला मागवला की बरोबर तीच तारीख निघायची. म्हातारी मंडळी जाम खूश. कुणीतरी लाडात येऊन जन्माची तारीख विचारली तेव्हा ते हसले. "जन्माचं मला विचारू नका. तो माझा प्रांत नाही."

मार्चच्या बैठकीत एस्टेल आपला कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसली. तिच्या आजोबा-आजींच्या तारखा त्यांनी आधीच दिल्या होत्या आणि त्या तिने ताडून पाहिल्या होत्या. आता तिने फ्रीडाचं विचारलं.

हार्टोगनी चहाचा कप खाली ठेवला.

"फ्रेडल," ते म्हणाले. "घरातलं नाव फ्रेडल. रिव्काची मुलगी. ही नोंद माझ्याकडे नाही, बाई. मी स्वतः तिच्याच शोधात आहे."

एस्टेलला इतका आनंद झाला की तिने त्यांचा हातच धरला. हात बर्फासारखा गार वगैरे काही नव्हता, साधा, कोरडा होता. त्यांनी सांगितलं, लेलँड्समधल्या घरापर्यंत माग लागला होता. तिथे चौकशी केली तर म्हणे या नावाचं मूल इथे नाही, एक म्हातारी तेवढी आहे. तिथून पुढे सगळा गुंता. ती एक सापडली की तिच्यामुळे अडलेलं पुढचंही सुटेल.

"तुम्हाला सापडली तर मला सांगाल?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय, सांगणारच," एस्टेल म्हणाली. या हौशीत असा शब्द सगळेच एकमेकांना देतात.

कप विसळताना तिने हे बर्नार्डला सांगितलं. त्याने फडकं खांद्यावर टाकलं. म्हणाला, हे जरा चमत्कारिकच. थडग्यावर बापाचं नाव असतं, लग्नाच्या करारात बापाचं असतं. वंशावळ कुणी आईच्या नावाने शोधतं का? आईचं नाव फक्त आजारी माणसासाठी प्रार्थना करताना घेतात. अकरा वर्षांपूर्वी एस्टेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, टेबलावर तीन मिनिटं सगळं थांबलं होतं, तेव्हा त्यानेच सिनेगॉगमध्ये तिचं प्रार्थनेतलं नाव पुकारलं होतं: एस्तेर, आल्टेची मुलगी. "डॉक्टरसुद्धा म्हणाला होता, ही परत कशी आली कळत नाही. माझ्या आवाजाची करामत," बर्नार्ड म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्या महिन्यात दोघांनी मिळून सिनेगॉगच्या कपाटातली जुनी खोकी उपसली. लेलँड्समधल्या एका छोट्या प्रार्थनाघराची वही त्यात होती, यिडिश भाषेत, शाई विटलेली. बर्नार्डला आजोबांमुळे ती भाषा अडखळत का होईना वाचता यायची. एका गुरुवारी सकाळी तो वाचता वाचता थांबला आणि त्याने चष्मा पुसला.

फेब्रुवारी, एकोणीसशे तीस. रिव्काची मुलगी फ्रेडल हिला घटसर्प झाला आहे. डॉक्टरांनी हात टेकले. आज दहा जणांसमोर तिचं नाव बदललं. यापुढे तिला आल्टे म्हणावं. जुनं नाव कुणी उच्चारू नये.

"आल्टे म्हणजे म्हातारी. तुझ्या आईचं आल्टा ते हेच," बर्नार्ड म्हणाला. "माझ्या आजोळीही एक होता, आल्टर. मूल हाती लागत नाही असं दिसलं की नाव बदलायचे. मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो ना. दारात विचारतो, फ्रेडल आहे का? तर घरात फ्रेडल नाहीच, एक म्हातारी आहे. जातो बापडा परत."

एस्टेलने वहीच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणजे कुणी मेलंच नव्हतं. मावशी नव्हती, दगड नव्हता. सहा वर्षं जिच्या मरणाचा दाखला शोधला ती वृद्धाश्रमात पडून चहा थंड आहे म्हणून कुरकुरत होती. एस्टेल हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. बर्नार्डने तिच्या पाठीवर थोपटलं.

मग कुठेतरी हार्टोगचं बोलणं आठवलं. म्हातारी तेवढी आहे. तिने ते झटकून टाकलं. हीच वही त्यांनीही कधीतरी पाहिली असणार.

त्या दुपारी ती मम्मीकडे गेली. मम्मीचा आता नुसता हाडांचा सापळा उरला होता. कूस बदलताना ती कण्हायची, आणि दिवसातून सहा वेळा कूस बदलावी लागायची. दोनदा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजची रात्र निघणार नाही. दोन्ही वेळा नातलग जमले, आणि सकाळी मम्मीने डोळे उघडून त्यांच्याकडे चिडून पाहिलं. डॉक्टर म्हणत, कशावर टिकून आहे कळत नाही.

एस्टेलने वहीचं सांगितलं. मम्मी यावेळी भिंतीकडे वळली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईने सांगितलं. शपथ घातली, ते नाव तोंडातून काढायचं नाही. म्हणून नाही काढलं. तुझ्या बापालाही सांगितलं नाही."

एस्टेलने गंमत म्हणून हार्टोगचंही सांगितलं. एक गृहस्थ येतात, तेही तुलाच शोधताहेत, आणि तेही आजीच्या नावाने. मम्मीने पांघरुणाबाहेर हात काढला. मग विचारलं, माणूस दिसायला कसा आहे? उद्धट आहे का? एस्टेल म्हणाली, नाही गं, फार सभ्य आहे.

"मग त्याला सांग."

"काय सांगू?"

"मी कुठे आहे ते." मम्मीने तिचं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता. "पोरी, मी दुसऱ्या वर्षापासून म्हातारी आहे. तुझा बाप गेला, माझे भाऊ गेले, या मजल्यावरच्या सगळ्या गेल्या. मला कुणी नेत नाही. हल्ली रोज सकाळी मीच ते जुनं नाव घेऊन बघते. आपलं आपण घेऊन भागत नाही, दुसऱ्याने हाक मारावी लागते. सांगशील ना?"

एस्टेलचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण मम्मीचे दुखणारे खांदे तिने तीन वर्षं पाहिले होते. सांगितल्याने मम्मीला बरं वाटणार असेल तर आपलं काय जातं, असा विचार करून ती हो म्हणाली.

एप्रिलचा पहिला रविवार. बाहेर स्वच्छ ऊन होतं. हार्टोग खिडकीपाशी बसले होते, हॅट मांडीवर. एस्टेल समोर बसली आणि म्हणाली, तुमच्या फ्रेडलविषयी बोलायचंय.

त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, टेबलावर पसरला, त्यावरून तळहात फिरवला आणि पेनचं टोपण उघडलं. इतका जुना कागद, पण घडीवर कुठे फाटला नव्हता. बारीक, सरळ अक्षरात ओळींमागून ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, आईचं नाव, तारीख. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे बरोबरची छोटी खूण. एस्टेल समोरून, उलट बाजूने वाचत होती. अर्धं आयुष्य डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यामुळे ते तिला जमायचं.

दोनच ओळींपुढे खूण नव्हती.

पहिली: फ्रेडल, रिव्काची मुलगी. फेब्रुवारी, एकोणीसशे तीस.

दुसरी तिच्या खालीच होती: एस्तेर, फ्रेडलची मुलगी. एकोणीस मार्च, दोन हजार तेरा.

एस्टेलने तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. ऑपरेशनला अकरा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या पट्टीवर हीच तारीख छापून ती तिच्या मनगटाला बांधली होती.

"ही दुसरी कोण?" तिने विचारलं.

"ती पहिलीवर अडलीय," हार्टोग सौजन्याने म्हणाले. "तिथेही गेलो होतो. एस्तेर होती, पण भलत्याच बाईची मुलगी म्हणून नाव पुकारत होते. आईच सापडली नाही तर मुलगी कुठून सापडणार? बोला, बाई. काय मिळालं?"

पेनचं टोक कागदापाशी थांबलं होतं.

मनगटावरची मम्मीची पकड, मम्मीचे खांदे, सांगशील ना. एस्टेलला सगळं आठवत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "एक वही सापडली होती, पण ती दुसरीच फ्रेडल निघाली."

मागे चहाची किटली घेऊन बर्नार्ड उभा होता. "अगं, पण आपण तर..."

एस्टेलने मागे न बघता त्याची बाही घट्ट धरली. चाळीस वर्षांची ओळख होती. त्याने वाक्य तिथेच सोडून किटली टेबलावर ठेवली.

हार्टोगनी पेनचं टोपण लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता, निराशाही नव्हती. कागदाची घडी त्यांनी जुन्याच रेषांवर घातली. म्हणाले, शोधात राहा, मीही येत राहीन. मला घाई नाही.

जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत त्यांनी पुढच्या बैठकीसाठी आपलं नाव लिहिलं.

चारला एस्टेल वृद्धाश्रमात पोचली. आया नुकतीच मम्मीची कूस बदलून गेली होती. मम्मीच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दाताखाली धरलेला होता. ती वाटच पाहत होती.

"सांगितलंस?"

एस्टेलने पांघरूण सारखं केलं.

"आज ते आलेच नव्हते, मम्मी."

मम्मीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने डोळे मिटले.

"बरं. मग पुढच्या महिन्यात."

"हो. पुढच्या महिन्यात."

उशाशी चारच्या गोळीची वाटी ठेवलेली होती. एस्टेलने ती उचलली, वाटीवरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, पलंगाच्या पायाशी लावलेल्या तक्त्यावरचं नाव वाचलं. दोन्हीकडे आल्टाच होतं. तिने ते पुन्हा एकदा ताडून पाहिलं आणि गोळी मम्मीच्या हातावर ठेवली.