कोरड्या जमिनीतला आवाज

"आता कुणी नुसतं खोकललं जरी, तरी हे सगळं नालीत फेकून देईन!" उर्मिला ओरडली.

सौंसरच्या त्या गल्लीला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. सकाळी सहा ते सात पाणी सुटायचं, पण आठ दिवस ते नळापर्यंत पोचतच नव्हतं. तोंडं मात्र सगळ्यांची चालू होती!

पांढुर्ण्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली उर्मिला आणि तिचा मामेभाऊ मुकुंद शेजारच्या अंबाआजींच्या नळाशी उकिडवी बसली होती. टपालाने सुटे भाग मागवून मुकुंदने काडेपेटीएवढा बोर्ड जोडला होता. दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि शेंगदाण्याएवढा माइक. माइक मेणाने लोखंडी सळईला चिकटवलेला. सळई पाइपला टेकवायची, इयरफोन कानात घालायचा, की पाइपातली बारीकशी हालचालही बोर्ड मोठी करून ऐकवी.

घाई होती, कारण नळांचा फिटर मनोहर कुदळ घेऊन आजींच्या अंगणात उभाच होता.

"जमीन ओली हाय. पाइप इथंच फुटला. सातला पाणी बंद झालं की खोदतो."

"अरे, धुण्याभांड्याचं पाणी टाकतो मी कलमाईले, म्हणून ओली हाय!" अंबाआजी कळवळल्या. खुंटरोपांवर डोळे, म्हणजे कोंब, बांधून दोन वर्षं जपलेली संत्र्याची चारशे कलमं तिथे ओळीने उभी होती. कुदळ पडली, तर निम्मी मुळासकट उखडणार!

"मनोहरभाऊ, तीन खड्डे केले तुम्ही. तिन्ही कोरडे!" उर्मिला फणकारली.

"मंग चौथा नाई का करू?"

उर्मिलाने कपाळावर हात मारला.

आजींच्या नळावर काहीच ऐकू येईना. दोघं एकेका नळाला सळई लावत पुढे सरकली. तिसऱ्या घरी बारीक सूंऽऽ! पाचव्या घरी, बुजवलेल्या विहिरीच्या कडेला, उर्मिलाने दचकून इयरफोनच काढला.

"मुकुंद! भजी तळून राहिलं जणू कोणी!"

"इथं तर नुसता फुफाटा हाय," मागून आलेला मनोहर हसला. "डब्बा खरखरते, अन् म्हणे पाणी!"

आता मात्र उर्मिलाचा संयम संपला. "मग घ्या परीक्षा! कोपऱ्यावरचा गल्लीचा व्हॉल्व्ह वाटेल तेव्हा बंद करा, वाटेल तेव्हा उघडा. मी पाठ करून बसते. चुकले तर खोदा आजींचं अंगण!"

"चारशे कलमं हायेत, उर्मिला!" मुकुंद कुजबुजला.

"बोर्ड तूच जोडलास ना? मग गप!"

ती इयरफोन कानात घालून डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बंद केला!" मग, "उघडला!" मग कानातली चरचर तशीच चालू राहिली. मनोहर व्हॉल्व्हवर वाकून नुसतेच हात फिरवत होता.

"नाटक पुरे, मनोहरभाऊ! काहीच फिरवलं नाही तुम्ही!"

सगळी गल्ली खदखदून हसली.

सात वाजता कुदळ विहिरीच्या कडेला पडली. तीन हात खाली पाइपचा सांधा निखळलेला! पाणी थेट जुन्या विहिरीच्या भरावात जिरत होतं. वर ओल येणार कुठून?

"मी तर हेच म्हणून राहिलो होतो," मनोहर घाम पुसत म्हणाला.

"कधी?" दोघं एकदमच ओरडली.

अंबाआजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "या आठ दिवसांत डोकं चालवणारे तुमी दोघंच भेटले रे मले!"

दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी आलं, आणि त्याच वेळी मनोहर दारात हजर.

"उर्मिलाबाई, मोहगावलेबी असंच होऊन राहिलं. ते यंत्र घेऊन चालता काय? तुमच्याबिगर नाई जमत."

"आधी पाणी तर भरू द्या!" उर्मिला वैतागून म्हणाली, आणि भरलेली घागर तिने त्याच्याच हातात दिली.